पॉलिहाऊसच्या मजुरांना सरकारी प्रशिक्षण: दार कुठलं, अर्ज कसा करायचा

जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंचा प्रश्न आहे: "माझं वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, ढोबळी मिरची घेतो. अनुदानाला प्रशिक्षणाचा दाखला लागतो म्हणून मी स्वतः पाच दिवसांचा कोर्स केला. पण रोजचं काम करतात सहा माणसं, त्यांत चार बायका. त्यांना शिकवायला सरकारची काही मदत आहे का? की सगळं आपल्याच खिशातून? आणि शिकवलेली माणसं दुसरीकडे निघून गेली तर?"

मी बावीस वर्षं हरितगृहांत काम केलं. सुरुवातीची काही वर्षं मावळात गुलाबाच्या प्रकल्पांवर सुपरवायझर होतो, नंतर प्रशिक्षक म्हणून गावोगाव फिरलो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. सविस्तरच लिहितो.

मदत आहे. पण "पॉलिहाऊसच्या मजुरांसाठी" असं नाव असलेली योजना नाही, ती पाच-सहा योजनांत विखुरलेली आहे. त्यामुळे गावच्या कृषी सहायकांना (आता त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालं आहे) विचारलं की "तशी योजना नाही" असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. प्रश्न विचारायची पद्धत बदलावी लागते.

आधी मुळाशी जाऊ. आपल्याकडे शेतीच्या योजनांचं दार सातबाऱ्यातून उघडतं. पॉलिहाऊसच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर जमीनमालक करतो, प्रशिक्षणाचा दाखला त्याच्याच नावाचा लागतो. तळेगाव दाभाड्याच्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये हा पाच दिवसांचा कोर्स उत्तम शिकवतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वर्गात बसतो तो मालक. कधी मालकाचा मुलगा, कधी नुसता दाखला हवा म्हणून आलेला चुलतभाऊ. ज्या बाईच्या हातात रोज कात्री असते, जो पोरगा सकाळी सात वाजता खताच्या टाक्या भरतो, ते त्या वर्गात कधीच नसतात. त्यांच्या नावावर सातबारा नाही.

याची किंमत काय पडते ते एका प्रसंगातून सांगतो. 2009 साली मी ज्या प्रकल्पावर होतो तिथे खताच्या दोन टाक्या होत्या, ए आणि बी. कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत, आणि सल्फेट-फॉस्फेटवाली खतं दुसऱ्या टाकीत, हा नियम. मालक कोर्स करून आलेले, त्यांना पाठ होता. टाक्या भरणारा मुलगा महिनाभरापूर्वी लागलेला. त्या दिवशी एक टाकी धुवायला काढली होती, म्हणून त्याने कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत ओतलं. त्याला दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी, मग वेगळी का ठेवायची? तासाभरात टाकीच्या तळाशी ताकाच्या चोथ्यासारखा पांढरा साका बसला. तो साका म्हणजे जिप्सम. काही फिल्टरमध्ये अडकला, बारीक होता तो पुढे गेला आणि ड्रिपर तुंबले. ॲसिड सोडून पाहिलं, पण जिप्सम ॲसिडला दाद देत नाही. निम्म्या बेडच्या लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, बदलाव्या लागल्या आणि तोवर झाडं सुकायला लागली होती. त्या मुलाला मालकांनी त्याच दिवशी काढलं. आजही मला वाटतं की चूक त्याची नव्हती, माझी होती. मी त्याला "यातलं यात आणि त्यातलं त्यात" एवढंच सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. वीस मिनिटं एका काचेच्या ग्लासात दोन्ही खतं कालवून दाखवली असती तर तो जन्मात विसरला नसता. पुढे प्रत्येक प्रशिक्षणात मी पहिला प्रयोग हाच करतो. ग्लासातलं पाणी दुधासारखं होताना पाहिलं की बायका आपसांत बोलायला लागतात, "अगं, मागल्या महिन्यात आपल्याकडे असंच झालेलं."

म्हणून मालकाने शिकून घेतलं की मजुरांना आपोआप येतं, हा हिशेब सोडून द्या. आता दारं सांगतो.

पहिलं दार: तालुक्याचं आत्मा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचं, कार्यालय. ग्रामीण युवकांसाठी कौशल्य प्रशिक्षण म्हणून केंद्राची सात दिवसांची योजना आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'स्ट्राय' म्हणतात. कोर्स निवासी किंवा जाऊन-येऊन, विषय शेती आणि जोडधंद्यांतला, खर्च सरकारचा. ही योजना शेतकऱ्यांच्या मुलांपुरती नाही, ग्रामीण तरुण शेतमजूरही बसतात. हरितगृह व्यवस्थापन, रोपवाटिका, सूक्ष्म सिंचनाची देखभाल असे विषय घेता येतात. पण बॅच पंधरा-वीस जणांची लागते. तुमच्याकडे सहाच आहेत, आणि इथेच बहुतेक जण थांबतात. थांबू नका, त्यावर पुढे बोलतो.

दुसरं दार: कृषी विज्ञान केंद्र, म्हणजेच केव्हीके. तुमच्यासाठी नारायणगावचं केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, हे मोठं भाग्य समजा. प्रत्येक केव्हीकेला दोन प्रकारची प्रशिक्षणं घ्यावी लागतात, केंद्रावर आणि केंद्राबाहेर गावात. या दुसऱ्या प्रकाराला ते 'ऑफ कॅम्पस' म्हणतात. वर्षाचा कार्यक्रम आधी ठरतो, म्हणून मागणी वेळेवर द्या. विषयतज्ज्ञ तुमच्या शेडमध्ये येऊन शिकवतात आणि तुमचा एक पैसाही लागत नाही. माझ्या अनुभवात मजुरांसाठी सगळ्यांत उपयोगी पडलेलं प्रशिक्षण हेच. बाईला घर सोडावं लागत नाही, ती ज्या झाडाला रोज हात लावते त्याच झाडावर शिकते, आणि चार वाजता पोरं शाळेतून आली की घरी असते.

तिसरं दार: येत असलेल्या कामाचा दाखला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'पूर्वज्ञान मान्यता' नावाचा भाग आहे, सगळे आरपीएल म्हणतात. जो माणूस काम करत करत शिकला त्याला परत शाळेत बसवायचं नाही. थोडी उजळणी, मग परीक्षा, मग राष्ट्रीय कौशल्य चौकटीतलं प्रमाणपत्र. 2023 पासूनच्या चौथ्या टप्प्यात यासाठी वयाची अट 18 ते 59 आहे. शेतीतली परीक्षा भारतीय कृषी कौशल्य परिषदेच्या निकषांवर होते आणि त्यांच्या यादीत ग्रीनहाऊस ऑपरेटर, सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ अशी कामं नावानिशी आहेत. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब या पोर्टलवर, आधार लागतं. तुमच्याकडे सहा-सात वर्षं काम करणारी बाई असेल तर तिला याच मार्गाने न्या. सात दिवसांच्या कोर्समध्ये तिला कात्री कशी धरायची ते कोण शिकवणार? तीच चार जणांना शिकवेल.

चौथं दार आहे जिल्ह्याची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आरसेटी. बँका चालवतात. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. कर्नाटकातल्या उजिरे इथे 1982 साली सुरू झालेल्या प्रयोगावरून ही रचना देशभर गेली. फक्त तिचा रोख स्वतःचा धंदा उभा करण्यावर आहे. कामगारांतला एखादा होतकरू पोरगा उद्या स्वतःची रोपवाटिका काढू म्हणत असेल तर त्याला तिथे पाठवा. राज्य सरकारनेही ऑक्टोबर 2023 मध्ये 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू केली. तुमच्या जवळच्या केंद्रात शेतीचा कोर्स आहे की शिवणकाम आणि इलेक्ट्रिशियनच, ते जाऊन पाहा.

शिकाऊ उमेदवारी योजनेत 2016 पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, महिना 1500 रुपयांपर्यंत वाटा उचलत आलं आहे. टिश्यू कल्चरची लॅब किंवा मोठी रोपवाटिका असेल तर हे जरूर करावं. सहा माणसांच्या शेडला नोंदणीचं ओझं परवडत नाही, म्हणून तुम्हाला आग्रह करत नाही.

ड्रोनचं विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण मजुराचं प्रशिक्षण सरकारने मनावर घेतलं की काय होतं ते तिथे दिसतं. 'नमो ड्रोन दीदी' योजनेला नोव्हेंबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. 1261 कोटी रुपये, 15,000 बचत गट. ड्रोनच्या किमतीवर 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये मदत. मला त्यातलं सगळ्यांत आवडलेलं कलम वेगळंच आहे: यंत्राबरोबर माणसाचं प्रशिक्षण योजनेतच बांधलेलं आहे. गटातल्या एका बाईला पंधरा दिवस, त्यांत पाच दिवस उड्डाणाचे आणि दहा दिवस खतं-औषधं फवारण्याचे. शिवाय दुरुस्तीची आवड असलेल्या दुसऱ्या सदस्याला किंवा घरच्या कुणाला मदतनीस म्हणून पाच दिवस. म्हणजे कोण चालवणार हे ड्रोन देण्याआधी ठरतं. पॉलिहाऊसच्या अनुदानात असं एक कलम घाला, 'मालकाबरोबर दोन कामगारांचं प्रशिक्षण बंधनकारक, खर्च अनुदानात धरावा', ही मागणी मी कित्येक बैठकांत केली आहे आणि करत राहणार आहे. लाखो रुपयांच्या सांगाड्यासमोर तो खर्च किती लहान आहे!

आता खरी अडचण. ती कोर्सची नाही, रोजाची आहे.

समजा तुमच्याकडे रोज 400 रुपये आहे. सहा माणसं सात दिवस प्रशिक्षणाला गेली तर 16,800 रुपयांचा रोज बुडतो. योजना शिकवणीचा खर्च देते, बुडालेला रोज देत नाही. मग मजूर म्हणतो, "मालक, शिकून माझं काय वाढणार? आठवड्याचा बाजार कुठून करू?" त्याचं बरोबर आहे. शिकायची इच्छा नाही असं म्हणणाऱ्यांनी स्वतः सात दिवस बिनपगारी रजा काढून बघावी.

रोज भरून देण्याचं तत्त्व सरकारला मान्य नाही असंही नाही. 2019-20 मध्ये रोजगार हमीच्या मजुरांसाठी 'उन्नती' प्रकल्प आला. ज्या कुटुंबाने वर्षात शंभर दिवस काम पूर्ण केलं, त्यातल्या 18 ते 45 वयाच्या एका व्यक्तीला प्रशिक्षणाच्या काळात, जास्तीत जास्त शंभर दिवस, मजुरीच्या दराने विद्यावेतन मिळायचं, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांत आरसेटीबरोबर कृषी विज्ञान केंद्रंही होती. शेतमजुरांच्या प्रशिक्षणाची कुठलीही नवी योजना आखणाऱ्याने पहिलं पान इथून उचलावं. दिवस भरून द्या, माणसं येतात. मी एकदा एका गावात शेतकरी गटाला पटवून अर्धा रोज द्यायला लावला होता. आधीच्या बॅचला नऊ जण यायचे, त्या बॅचला सत्तावीस आले आणि जागा पुरेना.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. आजूबाजूचे चार-पाच पॉलिहाऊस आणि शेडनेटवाले एकत्र करा. तुमच्या पट्ट्यात ते अवघड नाही. सहा तुमचे, चार-चार त्या प्रत्येकाचे, असे वीस-पंचवीस जण होतात आणि आत्माची किंवा केव्हीकेची बॅच भरते. वेळ निवडा ती जुनी झाडं काढल्यानंतरची आणि नवीन लागवडीच्या आधीची, तेव्हा शेडमध्ये काम कमी असतं. एक दिवस तुमच्याकडे, एक दिवस शेजाऱ्याकडे. सकाळी नेहमीचं काम, दुपारी तीन तास शिकणं. असं केलं तर रोज अर्धाच बुडतो आणि तो मालकांनी द्यावा. सहा माणसांचा सात दिवसांचा अर्धा रोज म्हणजे 8,400 रुपये. थ्रिप्स (फुलकिडे) वेळेत न दिसल्यामुळे एका फवारणीवर किती गेले होते ते तुमच्या वहीत पाहा.

एकत्र शिकवण्याचा दुसरा फायदा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. माणसं निघून जातात ती बहुतेक शेजारच्या शेडवर, पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून. सगळ्यांचेच मजूर शिकलेले असतील तर पळवापळवीचं कारणच कमी होतं. पण मनापासून सांगतो, शिकवल्यावर रोज वाढवा. ज्याला ईसी-पीएच (पाण्यातल्या क्षारांचं आणि आम्लतेचं माप) मोजून खत सोडता येतं आणि ज्याला फक्त क्रेट उचलता येतात, त्या दोघांना सारखाच रोज दिलात तर पहिला जाणारच, आणि तो चुकीचा नाही. मी पाहिलेल्या चांगल्या शेडवर तीन पायऱ्या असतात: नवीन, तयार आणि टाक्या-फवारणी सांभाळणारा. प्रत्येक पायरीला ठरलेला दर, सगळ्यांसमोर सांगितलेला.

काय शिकवा म्हणून सांगायचं तेही तुम्हीच ठरवा, नाहीतर वक्ते येऊन योजनांची माहिती देऊन जातात. ढोबळी मिरचीला मी एवढं मागेन. पहिली कळी खुडून दोन फांद्यांवर झाड कसं बांधायचं. पानाची मागची बाजू भिंगातून पाहून थ्रिप्स आणि कोळी कसे ओळखायचे. पिवळ्या-निळ्या चिकट सापळ्यांवरची मोजणी वहीत कशी लिहायची. पीएचचा मीटर बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या, पाण्यात घालून तपासायचा कसा, कारण चुकीचा मीटर हा मीटर नसण्यापेक्षा वाईट. पडदे कधी उघडायचे, फॉगर (बारीक तुषार सोडणारे नोझल) कधी नाही लावायचे.

आणि फवारणी. यावर एक संपूर्ण दिवस द्या, त्यात तडजोड करू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती तर उघडी शेतं होती. पॉलिहाऊसमध्ये हवा कोंडलेली, उष्णता जास्त, म्हणून घाम जास्त आणि तोंडावरचा मास्क काढायचा मोह जास्त. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण काय सांगतो हे निरक्षर बाईलाही दहा मिनिटांत शिकवता येतं. मी चार रिकामे, धुतलेले डबे समोर ठेवतो आणि 'सगळ्यांत जहाल तो पहिला' असा क्रम लावायला सांगतो. पहिल्यांदा बहुतेक जण डब्याच्या आकारावरून लावतात. दुसऱ्यांदा चुकत नाहीत. फवारल्यावर किती वेळ आत जायचं नाही ते दारावर खडूने लिहायची सवयही तिथेच लावून घ्या, आणि तो नियम मालकानेही पाळायचा.

बायकांच्या हाताला कमी लेखू नका, हे वेगळं सांगायला हवं. देऊळगावराजा, सिंदखेडराजा, जालना या पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. तिथे बाई दुपारी उद्या उमलणारी कळी हेरते, चिमट्याने तिचे पुंकेसर एकही न राहता काढते, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग लावते आणि खूण म्हणून दोरा बांधते. एका कळीतला एक केसर राहिला की भेसळ, आणि भेसळ वाढली की जीओटी (बियाणं लावून शुद्धता तपासायची चाचणी) फेल, सगळा लॉट परत. एवढं बारीक काम करणाऱ्या त्या बायका सरकारी कागदावर आजही 'अकुशल मजूर' आहेत. त्या शिकल्या एकमेकींकडून आणि कंपन्यांच्या फील्डच्या माणसांकडून. आरपीएलचं प्रमाणपत्र सगळ्यांत आधी यांच्या हातात पडायला हवं.

अर्जाचं सांगून थांबतो. साध्या कागदावर, गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने दोन प्रती करा. एक तालुका कृषी अधिकाऱ्यांमार्फत आत्माच्या प्रकल्प संचालकांना, दुसरी केव्हीकेच्या प्रमुखांना. "प्रशिक्षण मिळावे" एवढंच लिहू नका. विषय, शेडची ठिकाणं, माणसांची नावं, वय, त्यांत बायका किती, सोयीचे दिवस आणि वेळ, सगळं लिहा. प्रत्येकाचं आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा, मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का तेही आधीच पाहून ठेवा. नोंदणीच्या दिवशी ओटीपी नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा दुसऱ्या गावी, यात मी अर्धा अर्धा दिवस गेलेला पाहिला आहे. एका प्रतीवर पोहोच घ्या. महिन्याने उत्तर नाही आलं तर पोहोच घेऊन स्वतः जा आणि जाताना त्या सहांपैकी एका बाईला बरोबर न्या. तिने टेबलासमोर उभं राहून "साहेब, आम्हाला शिकायचंय" म्हटलं की कागद हलतो, हे मी तीनदा पाहिलं आहे.